सभेचा आवाज : शिकागो रेडिओची गोष्ट

स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांची जुनी छायाचित्रं निरखून पाहिली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांत भरते. बोलणारे बदलतात, मंडप बदलतो, गाव बदलतं, पण वक्त्यापुढच्या माईकवरची छोटी पाटी बहुतेक वेळा तीच असते. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत ‘शिकागो’ असं लिहिलेलं. विलायती कापडाची होळी करणाऱ्यांच्या सभेत अमेरिकन माईक कसा काय, असं कुणाच्याही मनात येईल. पण कंपनी अमेरिकन नव्हती. ती सिंधमधल्या सक्करच्या मोटवाने कुटुंबाची होती. तिचा धंदा मुंबईत वाढला आणि पुढे कारखाना नाशिक रोडला उभा राहिला.

माझं लक्ष तिच्याकडे गेलं ते गिटारमुळे. सोलापुरात सात रस्त्याकडून संध्याकाळी पाठीला गिटार अडकवून क्लासला जाणारी पोरं दिसतात. त्यांच्यापाशी पाच मिनिटं उभं राहिलं तर फेंडर, व्हॉक्स, मार्शल ही नावं कानावर पडतात. व्हॉल्व्हवर, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे हे अँप्लिफायर आज परदेशात लाखांच्या भावानं विकले जातात आणि ते बनवणाऱ्यांचा इतिहास या पोरांना तोंडपाठ असतो. आपल्याकडे असं कुणी झालंच नाही का, असं त्यातलं एखादं विचारतं. झालं की. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर या मातीत बनला, गाजला, त्याच्या मालकाला पोलिसांनी धरून आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं केलं. फक्त त्या अँप्लिफायरला गिटार जोडलेली नसायची.

आधी अडचण काय होती ते पाहू. त्यासाठी सोलापूरकराला लांब जायला नको. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि ती बातमी येताच गाव पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यानंतरचे काही दिवस इंग्रजांचं राज्य गावात जवळपास उरलंच नाही. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. ही सगळी घडामोड गिरणगावात चालली होती, आणि गिरणगावात एकाच वेळी सगळ्यांच्या कानी जाणारा आवाज एकच होता : गिरणीचा भोंगा. तो मालकाच्या हुकमानं वाजायचा. लोकांच्या पुढाऱ्याला मात्र हजारोंच्या जमावापुढे केवळ नरड्याच्या जोरावर बोलावं लागे. पुढच्या रांगांना भाषण ऐकू जाई, मागच्यांना नुसते हातवारे दिसत.

महाराष्ट्राला मोठ्या आवाजाची सवय होती, हे खरं. कीर्तनकार, शाहीर, संगीत नाटकातले नट, सगळे माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचत. पण कीर्तन देवळाच्या मंडपात होई, नाटक थिएटरच्या चार भिंतींत. १९२० नंतर काँग्रेसच्या सभेला येणारी गर्दी कुठल्याच मंडपात मावेनाशी झाली. त्यात ज्यांना ऐकायला ही गर्दी येई त्या गांधीजींचा आवाज बारीक आणि बोलणं संथ. हातवारे नाहीत, चढ-उतार नाहीत. त्यांचं एकेक वाक्य स्वयंसेवकांनी मागे ओरडून पोचवायचं, म्हणजे पोचता पोचता त्याचं काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. देशातली सगळ्यांत मोठी गर्दी देशातल्या सगळ्यांत हळू बोलणाऱ्या पुढाऱ्याभोवती जमत होती. लाऊडस्पीकरच्या धंद्याला याहून चांगली जमीन कुठे मिळणार?

ग्यानचंद चंदुमल मोटवाने यांनी सक्करला १९०९ साली विजेच्या सामानाचं दुकान काढलं. ईस्टर्न इलेक्ट्रिक अँड ट्रेडिंग कंपनी हे त्याचं नाव. माल सगळा बाहेरून यायचा. टॉर्च आणि त्यांच्या बॅटऱ्या हा मुख्य धंदा. सक्करहून पेढी कराचीला गेली, तिथून १९१९ मध्ये मुंबईला आली. दरम्यान अमेरिकेतल्या शिकागो टेलिफोन सप्लाय कंपनीचा माल हिंदुस्थानात विकायचं काम मोटवान्यांकडे आलं होतं. अमेरिकन कंपनीशी संबंध पुढे संपला, तिचं नाव मात्र इथे रुजलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्राहकाला ‘शिकागो’ म्हणजे अस्सल, टिकाऊ, नव्या जमान्याचा माल असं वाटे. ते पुण्य सोडून देण्याएवढा कुठला व्यापारी भोळा असतो? टेलिफोनच्या जोडीला रेडिओ आला आणि नाव झालं शिकागो टेलिफोन अँड रेडिओ कंपनी. लोकांच्या तोंडी नुसतं शिकागो रेडिओ राहिलं.

ते दिवसही रेडिओच्या धंद्याला अनुकूल होते. मुंबईत हौशी लोकांच्या रेडिओ क्लबनं १९२३ मध्ये प्रक्षेपणाला सुरुवात केली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. तीन वर्षांतच तिचं दिवाळं निघालं आणि सरकारनं ते काम हाती घेतलं. पुढे १९३६ मध्ये त्याचं ऑल इंडिया रेडिओ झालं. या सगळ्या खटाटोपातून मुंबईत एक नवा कारागीर तयार झाला : व्हॉल्व्ह ओळखणारा, कॉइल गुंडाळणारा, सोल्डरिंग आयर्न हातात धरलेला माणूस. ज्याला रेडिओ दुरुस्त करता येतो त्याला अँप्लिफायर बनवता येतो, कारण रेडिओच्या पेटीतला अर्धा भाग अँप्लिफायरच असतो. हे मुंबईत जसं खरं होतं तसंच कॅलिफोर्नियातही, आणि त्याचा उल्लेख पुढे येईलच.

ग्यानचंदांचे चिरंजीव नानिक मोटवाने हे या कथेतले मुख्य पुरुष. गांधीजींचं बोलणं लोकांपर्यंत पोचत नाही ही गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती पोचवायचं यंत्र त्यांच्या दुकानात होतं. लाऊडस्पीकर तोवर जगाला नवा राहिला नव्हता. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोला कर्ण्यांतून हजारो लोकांशी बोलले होते. कागदाचा शंकू आणि तारेची कॉइल असलेला स्पीकर, जो आजही प्रत्येक घरात आहे, १९२५ मध्ये तयार झाला. नानिकनी शोध लावला नाही. या यंत्राचं खरं गिऱ्हाईक कोण हे त्यांनी ओळखलं. ते गिऱ्हाईक काँग्रेस होती, आणि तिच्याकडे पैसे नव्हते.

मार्च १९३१ च्या कराची अधिवेशनात शिकागोचे कर्णे लागले. कराची ही मोटवान्यांची जुनी वहिवाटीची जागा. पण अधिवेशन भरलं ते भलत्याच तापलेल्या हवेत. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्चला लाहोरला फाशी झाली होती आणि अधिवेशन लगेच त्याच आठवड्यात होतं. सरकारशी नुकत्याच झालेल्या गांधी-आयर्विन करारावर तरुण खवळले होते. गांधीजी आले तेव्हा काळ्या निशाणांनी त्यांचं स्वागत झालं. अध्यक्ष वल्लभभाई पटेल. मूलभूत हक्कांचा ठराव याच अधिवेशनातला. अशा खवळलेल्या जमावापुढे करार समजावून सांगायचा होता. ओरडून सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती. बारीक आवाजातलं, शांत, मुद्देसूद बोलणं जसंच्या तसं मागच्या माणसापर्यंत जायला हवं होतं, आणि तारेतून ते जाऊ शकत होतं.

एवढं करायला काय काय लागे? वक्त्यापुढे माईक. त्यातून निघणारा विजेचा झुळका इतका क्षीण की त्यानं काहीच हलणार नाही. तो जाई अँप्लिफायरच्या लोखंडी पेटीत. तिथे काचेचे व्हॉल्व्ह तापून तांबूस दिसू लागले की यंत्र तयार. त्याला मिनिटभर तरी लागे आणि तेवढा वेळ वक्त्याला थोपवून धरायचं काम ऑपरेटरचं. एका व्हॉल्व्हनं झुळका वाढवायचा, दुसऱ्यानं आणखी वाढवायचा, शेवटच्या दोघांनी त्याला स्पीकर हलवण्याएवढी ताकद द्यायची. मग एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे लांबच लांब वायर. तिच्या टोकाला बांबूवर, नाहीतर झाडावर बांधलेले कर्णे. कर्णा आवाज चोहीकडे सांडत नाही, एका दिशेला फेकतो, म्हणून उघड्या मैदानात त्याच्याशिवाय भागत नसे. बहुतेक गावांत वीज नव्हती, तिथे बॅटऱ्या किंवा जनरेटर बरोबर न्यावा लागे. कर्णा चुकून माईककडे तोंड करून बांधला तर आवाज फिरून माईकमध्ये शिरे आणि मंडपभर शिट्टी. त्या शिट्टीला घाबरलेली माणसं आजही मंडपवाल्याकडेच रागानं बघतात.

काँग्रेसच्या सभांसाठी मोटवाने ही यंत्रणा आणि माणसं विनामोबदला देत. यात देशभक्ती किती आणि जाहिरात किती, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो. माझ्या मते तो मांडायचं कारण नाही. माईकवरची पाटी नेमकी वक्त्याच्या हनुवटीखाली आणि फोटोग्राफरच्या भिंगासमोर यायची, हा योगायोग नव्हता. देशातल्या सगळ्या वर्तमानपत्रांत फुकट नाव छापून आणणारी दुसरी जागा शोधून सापडली नसती. आणि तरीही, सरकारदरबारी माल विकणाऱ्या व्यापाऱ्यानं राजद्रोही ठरलेल्या पक्षाचे कर्णे उघडपणे बांधणं यात जोखीम होती. ती किती होती हे अकरा वर्षांनी दिसलं.

७ आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीची बैठक झाली. ‘चले जाव’चा ठराव तिथलाच. ध्वनिव्यवस्था शिकागो रेडिओची होती. कंपनीची माणसं नुसता आवाज वाढवून थांबत नसत; भाषणांचं ध्वनिमुद्रण आणि चित्रण करून ठेवायची नानिक मोटवान्यांना हौस होती. ९ तारखेच्या पहाटे पुढाऱ्यांना उचललं गेलं. वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. रेडिओ सरकारचा. महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी लोकांचे प्रक्षेपणाचे परवाने सरकारनं रद्द केले होते, त्यामुळे हवेतून बोलायचा कायदेशीर मार्गही बंद.

त्या दिवसांत मुंबईत शिकणारी उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी आणि तिचे सहकारी यांनी ठरवलं, आपलाच रेडिओ काढायचा. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे तिचे साथीदार. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत पुढारी पाठीशी. नरिमन प्रिंटर नावाच्या तंत्रज्ञानं ट्रान्समीटर बांधून दिला. यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ शिकागो रेडिओच्या नानिक मोटवान्यांनी पुरवले, असं उषाबेननी पुढे अनेकदा सांगितलं आहे. ऑगस्टमध्येच प्रक्षेपण सुरू झालं. हिंदुस्थानातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर, काँग्रेस रेडिओ बोलतो आहे, अशी घोषणा व्हायची.

ते ‘कुठलं तरी ठिकाण’ मुंबईतच होतं आणि दर थोड्या दिवसांनी बदलायचं. पहिली जागा चौपाटीवरची ‘सी व्ह्यू’ इमारत. पोलिसांच्या गाड्या यंत्रं लावून लहरीचा माग काढत फिरत होत्या, म्हणून बिऱ्हाड सारखं हलवावं लागे. बातम्या देशभरातून गुप्तपणे यायच्या. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप आणि आपल्याकडच्या आष्टी-चिमूरचे अत्याचार. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये लोक उठले, त्यानंतर तिथे लष्करानं आणि पोलिसांनी काय केलं हे छापायची सोय नव्हती. विदर्भातल्या खेड्यांची ती हकिकत मुंबईच्या एका खोलीतून हवेत गेली.

जवळपास तीन महिने हे चाललं. मग नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि त्यानं तोंड उघडलं. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाडी सुरू झाल्या. उषाबेन सांगत की, धोका आहे हे कळल्यावर दुसऱ्यांनी नको म्हणूनही त्या रात्रीचं प्रक्षेपण करायचंच असं त्यांनी ठरवलं. महालक्ष्मी मंदिराजवळच्या ‘पॅराडाइज’ बंगल्यात कार्यक्रम संपत आला होता, ‘वंदे मातरम्’ची तबकडी लागली होती, तेव्हा दारं फोडून पोलीस आत शिरले. तबकडी थांबवा म्हणाले. उषाबेननी थांबवली नाही. यंत्रांबरोबर पोलिसांनी छायाचित्रांच्या आणि बोलपटांच्या २२ पेट्याही नेल्या, त्यांत काँग्रेस अधिवेशनांचं मुद्रण होतं, असं उषाबेनच्या आठवणीत आहे.

खटल्यात पाच आरोपी होते : उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने. १९४३ च्या मे महिन्यात विशेष न्यायालयानं निकाल दिला. खाकरांना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने निर्दोष सुटले. सामान विकणं हा धंदा आहे, गुन्हा नव्हे, हा बचाव व्यापाऱ्याला उपलब्ध असतो. उषाबेननी मात्र कोर्टात उत्तरं द्यायचंच नाकारलं होतं. त्यांची सुटका १९४६ मध्ये झाली. पुढे त्या मुंबईत प्राध्यापक झाल्या, १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, ऑगस्ट २००० मध्ये त्या गेल्या. मोटवाने पुन्हा दुकानाकडे वळले.

स्वातंत्र्य आलं तेव्हा सक्कर आणि कराची दोन्ही पाकिस्तानात गेली. जिची मूळ पेढी आता परदेशात होती ती ही कंपनी पुरती मुंबईची झाली आणि कारखान्यासाठी तिनं नाशिक रोड निवडलं. बाहेरून माल आणून विकणाऱ्यांचे हे कारखानदार झाले. आजूबाजूलाही हालचाल चालू होती. टाटांची नॅशनल रेडिओ १९४० पासून होती, ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनू लागले होते. सभा तर काय, आता राज्यकर्त्यांच्याच होत्या. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेहरू देशभर बोलत फिरले. त्यानंतर चारच वर्षांनी संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन उभं राहिलं आणि आचार्य अत्र्यांचा विनोद शिवाजी पार्कच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसालाही त्याच क्षणी हसवू लागला. विनोदाला वेळ साधावी लागते. स्वयंसेवकानं मागे ओरडून पोचवलेल्या कोटीला कुणी हसत नाही. आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख याच काळातले. त्यांच्या पहाडी आवाजाला माईकची गरज होती असं ऐकणाऱ्यांना वाटत नसे, पण लाखाच्या सभेत तोही लागलाच.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. सक्करला मोटवान्यांचं दुकान निघालं त्याच १९०९ साली लिओ फेंडर जन्मले. १९३८ मध्ये फुलर्टन गावात त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. खेळाच्या सामन्यांना, स्थानिक कार्यक्रमांना लाऊडस्पीकरची यंत्रणा स्वतः बनवून ते भाड्यानं देत. थोडक्यात सांगायचं तर फेंडर मंडपवाले होते. त्यांच्या दुकानात हवाईयन स्टील गिटार वाजवणारे आपली बिघडलेली यंत्रं घेऊन येऊ लागले, आणि त्या भागात असे वादक पुष्कळ होते, कारण दुष्काळानं उठलेली ओक्लाहोमाकडची शेतकरी कुटुंबं कॅलिफोर्नियात येऊन राहिली होती आणि त्यांना नाचायला गिटारचा बँड लागे. १९४५ नंतर फेंडरनी गिटार आणि तिचा अँप्लिफायर दोन्ही बनवायला घेतलं. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल ड्रम शिकवत आणि वाद्यांचं दुकान चालवत. गिऱ्हाइकांना फेंडरचा आवाज हवा होता, पण आयात महाग. १९६२ मध्ये मार्शल आणि त्यांच्या कारागिरांनी फेंडरचा ‘बासमन’ समोर ठेवून आपला अँप्लिफायर बांधला. हाताशी होते ते ब्रिटिश सुटे भाग वापरल्यामुळे आवाज थोडा निराळा निघाला, आणि तो निराळेपणाच पोरांना आवडला.

इथे एक तांत्रिक गंमत आहे आणि तिच्यात या दोन इतिहासांची फारकत दडली आहे. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज मागितला तर व्हॉल्व्ह लाटेचे माथे कापून टाकतो. आवाज खरखरतो, फाटतो. भाषणात असं झालं तर शब्द कळत नाहीत, म्हणून सभेचा अँप्लिफायर बनवणाऱ्याचं सगळं कौशल्य हा फाटका आवाज टाळण्यात असतं. गिटारवाल्यांना मात्र तोच सापडला आणि सोडवेना. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ या रेकॉर्डवर नादुरुस्त अँप्लिफायरमधून निघालेला गिटारचा घोगरा सूर तसाच ठेवला गेला. पुढच्या पंधरा वर्षांत हा दोषच शैली झाला. मोटवान्यांच्या ऑपरेटरनं ज्यासाठी घाबरून बटण खाली केलं असतं, त्यासाठी लंडनची पोरं बटण शेवटपर्यंत फिरवत होती.

मग आपल्याकडे असा गिटारचा अँप्लिफायर बनवणारं मोठं घराणं का उभं राहिलं नाही? गिटार नव्हती म्हणून, असं म्हणता येणार नाही. लखनौहून मुंबईच्या सिनेसृष्टीत आलेले व्हॅन शिप्ली चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून विजेची गिटार वाजवत होते, त्यांच्या रेकॉर्डी घरोघरी होत्या. सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याची माणसं भरलेली होती. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटारवर राग वाजवून तिला मैफलीत आणलं; १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड आठवावी. १९७० आणि ७१ मध्ये सिगारेट कंपनीच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतून देशभरच्या तरुण बँडांच्या दोन रेकॉर्डीही निघाल्या. पण ही सगळी मिळून गिऱ्हाइकं किती? स्टुडिओतली काही, मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतली काही, कॉलेजांतली थोडी. उलट ज्या गावात लग्न होतं, गणपती बसतो, उरूस भरतो, सिनेमाची जाहिरात टांग्यातून फिरते आणि पुढारी येतो, अशा प्रत्येक गावाला लाऊडस्पीकर हवा होता. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात आवळली गेली. परदेशी अँप्लिफायर आणणं अवघड झालं, आणि ज्याला सुटे भाग मिळत तो ते खपणाऱ्या मालासाठीच वापरणार. लंडनमध्ये आयात महाग होती म्हणून मार्शल जन्मला, आपल्याकडे आयात त्याहून अवघड होती तरी तो जन्मला नाही, कारण दाराशी उभं राहून मागणारी पोरांची रांग नव्हती. रांग गणेश मंडळांची होती.

ही रांग शेवटी शिकागोच्या दाराशीही थांबली नाही. दिल्लीच्या अहुजांनी १९४० मध्ये धंदा सुरू केला होता. ट्रान्झिस्टर आल्यावर अँप्लिफायर हलका, स्वस्त आणि दणकट झाला. तापायची वाट पाहायला नको, काच फुटायची भीती नाही, बॅटरीवर रात्रभर चालतो. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मंडपवाल्यांकडे अहुजाचा डबा आणि अहुजाचा कर्णा दिसू लागला, इतका की पुष्कळांना लाऊडस्पीकर म्हणजे अहुजा एवढंच माहीत राहिलं. मोटवान्यांचं यंत्र मोठ्या सभेसाठी, स्वतःचा ऑपरेटर घेऊन येणारं. मंडपवाल्याला हवं होतं ते सायकलच्या कॅरिअरला बांधून नेता येईल असं, आणि बिघडलं तर कोपऱ्यावरचा रेडिओवाला दुरुस्त करील असं. अखिल भारतीय पुढाऱ्यांच्या हनुवटीखालची पाटी त्याच्या काही कामाची नव्हती. मोटवाने कंपनी बंद पडली नाही. विजेची मोजमापं करणारी उपकरणं आणि उद्योगांसाठीची संदेशयंत्रणा अशा कामांकडे तिनं मोहरा वळवला. आजही इलेक्ट्रिशियनच्या हातातल्या मीटरवर ‘मोटवाने’ हे नाव दिसतं. ते वाचणाऱ्याला कराचीचं अधिवेशन आठवायचं काही कारण नसतं.

परिणामांचा विचार करताना दुसरी बाजूही मांडायला हवी. कर्ण्यानं हळू बोलणाऱ्याला देशाशी बोलू दिलं, ही त्याची थोर कामगिरी. पण यंत्र हाती आल्यावर हळू बोलायची गरजच वाटेनाशी झाली, हेही आपण सोलापुरात पाहतोच. मिरवणुकीत सात रस्त्यावर उभं राहून शेजारच्याशी बोलून बघावं. २००० साली केंद्र सरकारला ध्वनिप्रदूषणाचे नियम करावे लागले, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायचा कायदा आला. गिरणीच्या भोंग्याला ज्या लोकांचा आवाज पुरा पडत नव्हता, त्यांच्या नातवंडांचा आवाज आता कायद्यानं खाली करावा लागतो.

जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं काय झालं? बरेचसे भंगारात गेले. तांब्याच्या तारेला भाव असतो आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये ती भरपूर असते. परदेशात मात्र सभांचे आणि शाळांचे जुने अँप्लिफायर शोधून, थोडा फेरफार करून त्यांना गिटार जोडणारे हौशी पुष्कळ आहेत. पेटी, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हची बैठक सगळं तेच. सुरुवातीच्या टप्प्यातले काही भाग बदलले की सभ्य यंत्र हवं तसं फाटू लागतं. सात रस्त्याच्या पोरांपैकी कुणाला एखाद्या गोदामात असा डबा मिळाला तर मेनला लावायच्या आधी जाणकाराला दाखवावा. आतले कंडेन्सर बंद यंत्रातही विजेचा जीवघेणा दाब धरून ठेवू शकतात. व्हॉल्व्ह नवे हवे असतील तर आज ते रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते. ते उत्पादन कधीच थांबलं, पण ‘बीईएल’चा शिक्का असलेले न वापरलेले व्हॉल्व्ह जुन्या रेडिओ दुकानांच्या खोक्यांत अधूनमधून निघतात, आणि परदेशातले गिटारवाले ते मागवून घेतात.